चातुर्मासाचा नेम आणि दिवाळीचे कर्ज

श्रावणाची चाहूल लागली की हिंदू समाजाच्या सणांवर दोन बाजूंनी दृष्टी रोखली जाते. एक दृष्टी बाजाराची. तिला नागपंचमीपासून भाऊबीजेपर्यंतचा काळ हा केवळ विक्रीचा हंगाम दिसतो. दुसरी दृष्टी स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या टीकाकारांची. तिला याच काळात हिंदूंची उधळपट्टी दिसते आणि सण आले की गरीब कर्जात बुडतो, असा ठपका ठेवून ती मोकळी होते. वरवर पाहता या दोन दृष्टी परस्परविरोधी आहेत. परंतु एका गोष्टीवर दोघींचे पूर्ण एकमत आहे. सण म्हणजे खर्च, असे दोघीही धरून चालतात. एकीला तो खर्च वाढवायचा आहे, दुसरीला सणच नकोसा आहे.

दुर्दैवाची गोष्ट ही, की हिंदू समाजातील मोठ्या मध्यमवर्गानेही नकळत हीच व्याख्या स्वीकारली आहे. ‘यंदा दिवाळी कशी झाली?’ या प्रश्नाचे उत्तर आता घरात काय आले, यावरून दिले जाते. त्यातले किती हप्त्यावर आले, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगत नाही. सणाचा खर्च आधी ठरवावा, त्याची तरतूद आधी करावी आणि तेवढ्यातच तो साजरा करावा, ही साधी रीत अनेक घरांतून हद्दपार होत चालली आहे. हा प्रश्न केवळ आर्थिक नाही. सण कोणाच्या हातात राहणार, कुटुंबाच्या की सावकाराच्या, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

संयमाच्या महिन्यांतच सण

हिंदू पंचांगाची रचना या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिकी एकादशीला तो संपतो. हा काळ व्रताचा, नेमाचा, काहीतरी सोडण्याचा. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी एखादा आवडीचा पदार्थ चार महिने तोंडात घालीत नाही. आणि नेमके याच चार महिन्यांत रक्षाबंधन आहे, गोकुळाष्टमी आहे, पोळा आहे, गणपती-गौरी आहेत, नवरात्र आहे, दसरा आहे आणि दिवाळीही आहे. वर्षातले सर्वांत मोठे आनंदाचे दिवस पूर्वजांनी संयमाच्या महिन्यांत बसवले. उत्सव आणि निग्रह हे परस्परांचे शत्रू नसून एकाच व्रताची दोन अंगे आहेत, हे शिकवणारी याहून प्रभावी शाळा क्वचितच सापडेल.

या क्रमात पितृपक्षाचे स्थान तर विलक्षण आहे. गणपतीचे विसर्जन झाल्यावर आणि घटस्थापना होण्यापूर्वी पंधरा दिवस नव्या वस्तूची खरेदी करायची नाही, असा अनेक घरांतला प्रघात. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. परंतु दोन मोठ्या उत्सवांच्या मध्ये हात आखडता घ्यायला लावणारा हा पंधरवडा व्यवहाराच्या कसोटीवरही किती शहाणपणाचा आहे, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. गणपतीत किती खर्च झाला, हाती किती उरले, दिवाळीला किती लागेल, हे पाहण्यास याहून योग्य वेळ कोणती?

बाजाराला मात्र असा थांबा परवडत नाही. ‘बिग बिलियन डेज’ हा ऑनलाइन विक्रीचा महोत्सव २०१४ मध्ये सुरू झाला. २०२३ साली तो ८ ऑक्टोबरला सुरू करण्यात आला, म्हणजे ऐन पितृपक्षात. ज्या कंपनीचा हा महोत्सव, तिची सुमारे ७७ टक्के मालकी २०१८ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीकडे गेली. हिंदूंच्या सणांचे वेळापत्रक हिंदूंच्या पंचांगावरून न ठरता दूरच्या एखाद्या विक्री-विभागातून ठरू लागले, तर त्याचा दोष केवळ त्या विभागाला देऊन चालणार नाही. मध्यरात्री मोबाइल हातात घेऊन सवलत सुरू होण्याची वाट पाहणारा ग्राहक हिंदूच असतो.

दिवाळी : हिशेबाचा सण

दिवाळीला उधळपट्टीचा सण म्हणणाऱ्यांना दिवाळीच ठाऊक नाही. वसुबारसेला गोधनाची पूजा, धनत्रयोदशीला धनाची आणि धन्वंतरीची पूजा, अमावास्येला लक्ष्मीपूजन आणि त्याच वेळी व्यापाऱ्याच्या पेढीवर वहीपूजन. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला विक्रम संवताचे नवे वर्ष सुरू होते आणि त्या वर्षाचा जमाखर्च नव्या वहीत लिहिला जातो. हिशेबाच्या वहीला हळद-कुंकू वाहून तिची पूजा करणारी ही परंपरा आहे. ज्या दिवशी लक्ष्मी घरात येते, त्या दिवशी तिच्यासमोर आपला हिशेब स्वच्छ मांडावा, असा त्यामागचा भाव. दिवाळीच्या पूजेत वही मांडायची आणि त्याच दिवाळीचा खर्च मात्र वहीत न मांडता करायचा, ही विसंगती आजच्या पिढीच्या लक्षात कोणी आणून द्यायला हवी.

हिशेबाचा हा आग्रह व्यापाऱ्यांपुरता नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आषाढी पौर्णिमेला राज्यातल्या विभागांचे हिशेब तपासणीसाठी आणण्याची व्यवस्था सांगितलेली आहे. पावसाळ्याच्या आणि सणांच्या तोंडावर राज्याने आपले आयव्यय तपासून पाहावेत, हा दंडक आणि चातुर्मासाचा आरंभ एकाच सुमारास यावेत, हे सूचक आहे.

खते जाळली कोणी आणि का

आता टीकाकारांच्या ठपक्याकडे वळता येईल. सणासमारंभांमुळे हिंदू कर्जबाजारी होतो, हा आरोप नवा नाही. इंग्रजी अमलात तो सर्रास केला जात असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाची खतपत्रे जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. परक्या सरकारच्या या आयोगानेसुद्धा लग्ने व सण यांवरील खर्चाला रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असाच निष्कर्ष काढला. सारावसुली, नापिकी आणि व्याजावर चढणारे व्याज यांनी शेतकरी पिचला होता. त्यानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करण्यात आला.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. सणाने माणूस बुडत नाही, व्याजाने बुडतो. देहूच्या तुकोबांच्या घरी परंपरेने महाजनकी होती. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे वारकरी परंपरा श्रद्धेने सांगते. कर्जाच्या कागदातून माणसाला मोकळे करणे हे पुण्यकर्म आहे, ही महाराष्ट्राच्या संतांची शिकवण. त्याच महाराष्ट्रातला सुशिक्षित नोकरदार आज आपण होऊन असल्या कागदावर सही करतो. फरक एवढाच, की त्या कागदाला आता खत म्हणत नाहीत आणि सही बोटाच्या एका स्पर्शाने होते.

नव्या सावकारीचे गणित

नव्या सावकारीचे गणित मांडून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. समजा, एका गृहस्थाने दिवाळीत क्रेडिट कार्डावर ३०,००० रुपयांची खरेदी केली आणि मुदतीत ती रक्कम भरली नाही. महिन्याला साडेतीन टक्के हा कार्डाच्या व्याजाचा नेहमीचा दर धरला, तर पहिल्या महिन्याचे व्याज १,०५० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १८९ रुपये. एकूण १,२३९ रुपये. या गृहस्थाने महिन्याला १,५०० रुपये भरले, तरी मुद्दलातून कमी होतात अवघे २६१ रुपये. पुढची दिवाळी आली, तरी मागच्या दिवाळीची खरेदी बरीचशी फिटायची बाकीच असते. साडेतीन टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. वर्षाचा हिशेब केला की तो ४२ टक्क्यांवर जातो.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. गावातल्या परवानाधारक सावकाराला शासनाने ठरवून दिलेल्या दरापलीकडे व्याज घेता येत नाही. कार्डाच्या व्याजाला तशी सर्वसाधारण मर्यादा नाही. अशा स्थितीत ग्राहकाचा संयम हीच काय ती मर्यादा उरते.

‘शून्य टक्के व्याज’ हा याच कुळातला दुसरा मोहक प्रकार. बॅंकांनी अशा योजना चालवण्याबाबत रिझर्व्ह बॅंकेने सप्टेंबर २०१३ मध्येच कान उपटले होते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि व्याजाची रक्कम बहुधा प्रक्रिया शुल्कासारख्या नावाखाली दडवलेली असते, असे तिने स्पष्ट केले. आजच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत व्याज दिसत नाही, कारण बहुधा तेवढी सूट विक्रेता देतो. पण रोख घेणाऱ्याला मिळू शकणारी सवलत हप्तेवाल्याच्या हातून जाते आणि प्रक्रिया शुल्क व कर वेगळे द्यावे लागतात. फुकट काहीच मिळत नाही, हे वाणसामान घेताना ज्या गृहिणीला पक्के ठाऊक असते, तिच्याच घरात दूरचित्रवाणी संच घेताना ते विसरले जाते.

याचा परिणाम देशाच्या आकड्यांतही उतरला आहे. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली. हा अनेक दशकांतला नीचांक होता. २०२३ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि १६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बॅंकेने ग्राहक-कर्जांसाठीचे जोखीम-भारांकन १०० वरून १२५ टक्क्यांवर नेले. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्जे त्यातून वगळली होती. रोख होता तो उपभोगासाठी उचलल्या जाणाऱ्या कर्जांवर. बचत करणारा समाज ही हिंदू समाजाची जगभरातली ओळख. ती पुसली जात असल्याची ही खूण आहे.

नित्य, नैमित्तिक आणि काम्य

मग करावे काय? उत्तर परंपरेतच आहे. धर्मशास्त्राने कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन भाग केले. कुटुंबाच्या खर्चाचेही तेच तीन रकाने पाडावेत. घरभाडे, किराणा, शाळेची फी, औषधे हा नित्य खर्च. तो चालू मिळकतीतून व्हावा. सणांचा खर्च नैमित्तिक. तो कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेले असते, म्हणून त्याला ‘अचानक आलेला खर्च’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो वर्षभराच्या तरतुदीतून व्हावा. नवा संच, नवे वाहन, नवा मोबाइल हा काम्य खर्च. तो उरलेल्यातून व्हावा आणि उरले नाही तर होऊ नये. गोंधळ होतो तो काम्य खर्च नैमित्तिकाच्या रकान्यात घुसवला की. दिवाळीला पणती लावणे हे नैमित्तिक आहे. दिवाळीला पंचावन्न इंची पडदा आणणे नव्हे.

महिना ४५,००० रुपये मिळकत असलेल्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. गणपती-गौरीला ६,०००, नवरात्र-दसऱ्याला ३,००० आणि दिवाळीला २१,००० अशी वाटणी केली, तर वर्षाचा सणांचा खर्च ३०,००० होतो. म्हणजे महिना २,५०० रुपये. बॅंकेत महिन्याला तेवढी रक्कम बाजूला ठेवायला भाऊबीज झाली की लगेच सुरुवात केली, तर पुढच्या दिवाळीला एक रुपयाचेही कर्ज लागत नाही. दिवाळीच्या २१,०००ची फोडही कुटुंबाने एकत्र बसून कागदावर करावी : फराळ व किराणा ५,०००, कपडे ७,०००, ओवाळणी, भेटी आणि पोस्त ४,०००, गावी जाण्या-येण्याचे २,५००, पणत्या, कंदील व पूजासाहित्य १,०००, दिवाळी अंक व पुस्तके ५०० आणि समाजासाठी १,०००. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकाची परंपरा ज्या महाराष्ट्राची आहे, त्याच्या अंदाजपत्रकात अंकाचा रकाना नसावा, हे शोभणारे नाही.

आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतील. कागदावर लिहिण्याची आणि मुलांसमोर लिहिण्याची रीत मात्र एकच असावी. घरात पैसा किती येतो आणि कशासाठी किती ठेवायचा, हे पाहत वाढलेल्या मुलाला वेगळे अर्थशिक्षण द्यावे लागत नाही. कुटुंब प्रबोधन म्हणजे केवळ एकत्र भोजन आणि भजन नव्हे. महिन्यातून एकदा एकत्र हिशेब हाही त्याचा भाग असायला हरकत नाही.

बोनसविषयीही एक पथ्य पाळावे. १९६५च्या बोनस कायद्याने ठरवलेले आणि २०१९च्या वेतन संहितेने कायम ठेवलेले किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे हिशेबात धरलेल्या वार्षिक वेतनाचा बारावा भाग. हा वर्षभराच्या श्रमाचा शेवटचा वाटा आहे. तो हातात पडण्यापूर्वीच त्याच्या भरवशावर खरेदी करणे म्हणजे पीक उभे असतानाच त्यावर कर्ज काढणे. तिथीचा फेरही ध्यानात ठेवावा लागतो. २०२५ मध्ये नरकचतुर्दशी ते भाऊबीज हे दिवस २० ते २३ ऑक्टोबरला आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरवर गेले. पगाराची तारीख ठरलेली असते, दिवाळीची नसते. नियोजन लागते ते यासाठीच.

शेतकऱ्याच्या घरी हे गणित असे सरळ बसत नाही, याचे भान शहरी उपदेशकांनी ठेवावे. त्याची दिवाळी सोयाबीन-कापसाच्या मापावर आणि उसाच्या हप्त्यावर उभी असते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात हातातोंडाशी आलेले पीक गेले, तेव्हा अनेक घरांना काटकसर करायलाही काही उरले नव्हते. अशा वेळी शहरातल्या अंदाजपत्रकातला ‘समाजासाठी’ हा रकाना किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

दिवाळसण आणि सोने

या विषयात समाजाने स्वतःकडेही कठोरपणे पाहायला हवे. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण हा जावयाच्या कौतुकाचा प्रसंग. त्याला मागणीचे रूप केव्हा आले, हे कोणालाच कळले नाही. २०२५च्या धनत्रयोदशीला दहा ग्रॅम सोन्याचा भाव सव्वा लाख रुपयांच्या वर होता. अशा भावात जावयाला अंगठी घालण्यासाठी एखाद्या निवृत्त पित्याने ठेव मोडावी किंवा कर्ज काढावे, यात कोणता धर्म आहे? दिवाळसणाला आलेल्या जावयाने नारळ आणि पाटावरचे सुग्रास जेवण एवढेच स्वीकारावे, असा निश्चय संघविचाराच्या घरांनी प्रथम करावा. दुसऱ्याच्या सणांवर टीका करण्यापेक्षा स्वतःच्या घरातली ही वसुली थांबवणे अधिक अवघड आहे आणि अधिक आवश्यकही.

खर्च कोणाच्या हाती जातो

लोकांनी हात आखडला तर अर्थव्यवस्था कशी चालेल, असा आक्षेप अर्थपंडित घेतील. वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून कमी झाले. सामान्य कुटुंबाला दिलासा देणारा हा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र त्याला ‘बचत उत्सव’ म्हटले गेले, तेव्हा बचत म्हणजे खर्चानंतर हाती राहिलेली रक्कम, हा अर्थही जपायला हवा होता. स्वस्त झाले म्हणून गरज नसलेली वस्तू घेतली, तर सरकारने सोडलेला कर दुकानदाराच्या गल्ल्यात जातो, घरात राहत नाही.

शिवाय येथे सांगितलेला मार्ग खर्च न करण्याचा नाहीच. कुंभाराच्या पणत्या, बुरुडाची सूप-टोपली, बचत गटातल्या भगिनींनी केलेला फराळ, गल्लीतल्या शिंप्याने शिवलेला सदरा यांवर रोखीने केलेला खर्च गावातच फिरतो आणि चार चुली पेटवतो. परदेशी बनावटीच्या वस्तूंवर हप्त्याने केलेला खर्च पुढच्या बारा महिन्यांची क्रयशक्ती आजच संपवतो आणि व्याजाच्या रूपाने घराबाहेर जातो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची चार व्याख्याने दिली. गरजेसाठी उत्पादन करण्याऐवजी उत्पादन खपवण्यासाठी गरजा निर्माण केल्या जातात, या विकृतीकडे त्यांनी लक्ष वेधले. अर्थाचा अभाव जितका घातक, तितकाच अर्थाचा प्रभावही घातक, ही त्यांची मांडणी. साठ वर्षांपूर्वी सांगितलेले हे सूत्र आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर रोज खरे ठरते आहे.

तीन ऋणे पुरेत

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९२८ पासून गुरुदक्षिणेची पद्धत चालवली आणि संघटनेचा खर्च स्वयंसेवकांच्या समर्पणातूनच भागवला. या दक्षिणेसाठी वर्षभर थोडे थोडे बाजूला काढणाऱ्या सामान्य स्वयंसेवकांची कित्येक घरे महाराष्ट्रात आहेत. गुरुपौर्णिमेसाठी जे जमते, ते दिवाळीसाठी का जमू नये? जे देण्यासाठी साठवता येते, ते आनंदासाठीही साठवता येते.

हिंदू माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्माला येतो, असे शास्त्र सांगते. ही ऋणे फेडताना माणूस मोठा होतो. बॅंकेचे चौथे ऋण फेडताना तो लहान होत जातो. त्याची झोप उडते, घरात शब्दाला शब्द लागतो आणि पहिल्या तीन ऋणांसाठी हाती काही उरत नाही. यंदाच्या वहीपूजनाला प्रत्येक घरात एक साधी वही पाटावर असावी. तिच्या पहिल्या पानावर पुढच्या वर्षाच्या सणांची तरतूद लिहिलेली असावी आणि कर्जाचा रकाना कोरा असावा. तो रकाना कोरा ठेवणे हाच आजचा चातुर्मासाचा नेम आहे.